अन्नात विष तयार करणारे जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्नातून विषबाधा आणि पोटाचा संसर्ग, दोन्ही एकच ना?

जुलाब, उलट्या आणि पोटात मुरडा दोन्हींत असतोच, म्हणून बोलताना आपण सगळ्यालाच विषबाधा म्हणतो. आत मात्र वेगवेगळे प्रकार घडत असतात.

पहिल्या प्रकारात जिवाणू अन्नातच वाढतो आणि तिथेच विष सोडतो. आपण खातो ते तयार विष. तोवर जिवाणू मेला असला तरी काही फरक पडत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस, उलट्या करवणारा बॅसिलस सीरियस आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या गटातले.

दुसऱ्या प्रकारात जिवंत जिवाणू पोटात जातात आणि विष आतड्यात पोचल्यावर तयार करतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, जुलाब करवणारा बॅसिलस सीरियस, शिगा नावाचे, मूत्रपिंडांनाही घातक ठरणारे विष सोडणारा ई. कोलाय आणि कॉलऱ्याचा जिवाणू असे वागतात. कॉलऱ्यात जीव घेते ते जिवाणूने सोडलेले विष, हे १९५९ साली कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवून दिले. जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला, तरी आतडे पाण्याने भरले.

साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि लिस्टेरिया हे मुख्यतः पेशींत घुसून आजार करतात. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

नीट उकळले की सगळे मरते ना?

नाही. सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. उकळताना तीन निरनिराळ्या गोष्टींशी गाठ असते आणि तिघींचा चिवटपणा सारखा नसतो.

जिवंत जिवाणू सर्वांत नाजूक. अन्नाच्या मध्यापर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान दोन मिनिटे टिकले की बहुतेक संपतात.

बीजाणू, म्हणजे जिवाणूने अडचणीच्या काळासाठी केलेली कवचबंद झोपेची अवस्था. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम कुळांतले जिवाणू असे बीजाणू करतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत, उलट गरमीने अनेकदा जागे होतात. शिजवताना बाकीचे जिवाणू मेलेले असतात, त्यामुळे भांडे गार होऊ लागले की यांना रान मोकळे मिळते.

तिसरी गोष्ट म्हणजे विष. बोट्युलिनमचे विष जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक, पण उष्णतेपुढे हळवे. ८५ अंशांवर पाच मिनिटांत ते निकामी होते. परफ्रिंजन्सचे विष तर ६० अंशांवर दहा मिनिटांत जाते. याउलट स्टॅफिलोकोकसचे विष अर्धा तास उकळले तरी टिकते. बॅसिलस सीरियसचे उलट्या करवणारे विष, सेरुलाइड, १२१ अंशांवर दीड तास ठेवले तरी शाबूत राहते. घरातल्या कोणत्याही चुलीवर ते नष्ट होणार नाही.

२००० साली जपानमध्ये कमी स्निग्धांशाच्या दुधामुळे १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले, ते याच कारणाने. भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात वीज गेली, दूध कोमट अवस्थेत पडून राहिले आणि स्टॅफिलोकोकस वाढला. पुढच्या प्रक्रियेत जिवाणू मेले. तपासणीत जिवंत जिवाणू कमी दिसले, म्हणून भुकटी वापरली गेली. विष तसेच होते.

स्टॅफिलोकोकस येतो कुठून?

आपल्याच नाकातून. साधारण तीनांतल्या एका निरोगी माणसाच्या नाकात तो कायमचा किंवा अधूनमधून मुक्कामाला असतो. त्याशिवाय गळू, पिकलेले नखुरडे, चिघळलेली जखम, भाजल्याचा फोड, घसा आणि केस या जागा आहेतच. दुभत्या जनावराच्या कासेतूनही तो दुधात उतरतो. १९१४ साली फिलिपिन्समध्ये मार्शल बार्बर यांनी हे स्वतःवरच पडताळले. ताज्या दुधाने त्यांना काही झाले नाही, तेच दूध काही तास बाहेर राहिल्यावर प्याले की पोट बिघडे.

म्हणूनच शिजवल्यानंतर हाताने हाताळलेले अन्न जास्त धोक्याचे: उकडून कापलेले मांस, सोललेली उकडलेली अंडी, मलई भरलेले केक, कुस्करून कालवलेले सॅलड. हा जिवाणू १० टक्के मिठातही वाढतो, त्यामुळे खारवलेल्या मांसात त्याला स्पर्धक उरत नाहीत. ग्रॅममागे सुमारे एक लाख जिवाणू झाले की पुरेसे विष तयार होते आणि माणसाला आजारी पाडायला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी विष लागते.

हातमोजे घातले की प्रश्न मिटला?

मोज्याच्या हाताने नाक पुसले की मोजा आणि बोट एकच. हातमोजा कामाचा ठरतो तो बोटाला जखम असताना: आधी पाणी न शिरणारी पट्टी, वर मोजा आणि दर कामाला नवा. एरवी साबणाने २० सेकंद घासून धुतलेला उघडा हात बरा, कारण तो घाण झाल्याचे जाणवते तरी. हाताला पू असलेली जखम असेल तर त्या दिवशी शिजवलेल्या अन्नाला हात लावू नये, हे सगळ्यांत सोपे.

शिजवलेला भात रात्रभर बाहेर राहिला. फोडणी देऊन खाऊ का?

नको. बॅसिलस सीरियस मातीतला जिवाणू. तांदूळ, डाळी, मसाले, दुधाची भुकटी, भाज्या अशा मातीशी आणि धुळीशी संबंध आलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर त्याचे बीजाणू थोडेफार असतात. ते टाळता येत नाहीत आणि थोड्या संख्येत ते काही करतही नाहीत. भात शिजताना ते टिकतात, ओलसर कोमट भातात जागे होतात आणि काही तासांत सेरुलाइड तयार करतात. सकाळी कितीही खरपूस परतला तरी ते जाणार नाही.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये या आजाराचा छडा लागला तो परतलेल्या भातावरूनच. उपाहारगृहांत रात्री शिजवलेला भात बाहेरच ठेवला जाई, कारण फ्रीजमधल्या भाताचे गोळे होतात आणि तो नीट परतता येत नाही. सोय म्हणून केलेली गोष्ट आजाराचे मूळ निघाली.

भातासाठी नियम असा: शिजल्यावर तासाभरात पसरून गार करा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा, एकदाच आणि वाफ येईपर्यंत गरम करा. पास्ता आणि उकडलेले बटाटे यांनाही हेच लागू.

या जिवाणूचे दुसरे रूप जुलाबाचे. त्याचे विष आतड्यात बनते आणि उष्णतेने सहज मोडते. मांसाचे पदार्थ, सूप, भाज्या, दुधाचे घट्ट सॉस यांतून तो जातो. सेरुलाइडमुळे क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते, विशेषतः मुलांत.

मोठ्या पातेल्यात केलेल्या जेवणातूनच एकदम इतक्या लोकांना का होते?

हे परफ्रिंजन्सचे काम. तो मातीत असतो, माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात असतो, म्हणून कच्च्या मांसावर सापडणे नवल नाही. प्राणवायू त्याला नको असतो. उकळताना रश्श्यातली हवा निघून जाते, वर चरबीचा थर बसतो, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. त्याला हवे तसे घर आपणच बांधून देतो.

४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो विलक्षण वेगाने वाढतो, दर दहा मिनिटांना दुप्पट. एका पेशीपासून हिशेब मांडला तर तीन तासांत १८ वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार. सुरुवात शंभर पेशींपासून असेल तर अडीच कोटींच्या वर. ग्रॅममागे दहा लाखांच्या पुढे गेलेले असे अन्न पोटात गेले की आतड्यात त्यांचे बीजाणू बनू लागतात आणि त्या वेळी विष सुटते.

यावर एक जमेची बाजू आहे: जिवंत पेशी आणि विष दोन्ही उष्णतेने मरतात. त्यामुळे इथे कडकडीत गरम करणे खरोखर वाचवते. नुसते कोमट करून वाढणे मात्र गार वाढण्यापेक्षाही वाईट.

मग उरलेले अन्न गार करायचे कसे?

वेळेची मर्यादा लक्षात ठेवा: ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा आखूड आहे कारण जिवाणू तिथेच सर्वाधिक वेगाने वाढतात.

पदार्थाची जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत गार व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. पाच सेंटीमीटरचा थर आणि वीस सेंटीमीटरचे पातेले यांत सोळापट फरक पडतो. म्हणून:

१. पदार्थ पसरट, शक्यतो धातूच्या भांड्यांत वाटा; थर पाच सेंटीमीटरपेक्षा जाड नको. प्लास्टिक उष्णता धरून ठेवते.
२. मोठे मांसाचे तुकडे कापा. आख्खा गोळा गार करू नका.
३. भांडे बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. पातळ पदार्थात स्वच्छ बर्फ टाकणेही चालते. शिजवताना पाणी तेवढे कमी घाला.
४. वाफ मंदावली की झाकण किंचित उघडे ठेवून फ्रीजमध्ये सरकवा. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाका.

गरम भांडे ठेवले तर फ्रीज बिघडतो, हा जुना समज. लहान भांडी चालतात. दहा लिटरचे उकळते पातेले मात्र शेजारच्या दुधालाही कोमट करते आणि स्वतः मध्यभागी सकाळपर्यंत गरम राहते.

किती वेळ बाहेर ठेवलेले चालते?

एकूण दोन तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. शिजवणे, वाढणे, पुन्हा झाकणे असे तुकड्यातुकड्यांनी बाहेर राहिलेले मिनिटही मोजायचे. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. दारातल्या कप्प्यात तापमान सर्वांत जास्त असते, म्हणून थर्मामीटर मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात ठेवून पाहा.

पुन्हा गरम करताना काय चुकते?

कडेला उकळ्या, मधे गारठा. पदार्थाच्या मध्यभागी ७४ अंश हवेत. मायक्रोवेव्हमध्ये मधेच थांबवून ढवळा, शेवटी दोन मिनिटे झाकून ठेवा आणि मग मोजा. सुईचा थर्मामीटर अधूनमधून तपासावा: चुरलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात तो ० दाखवायला हवा.

वास आणि चव घेऊन कळत नाही का?

अन्न नासवणारे आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू सहसा वेगळे असतात. स्टॅफिलोकोकसच्या विषाला रंग, वास, चव काहीच नाही. आंबलेले अन्न टाकून देणे ठीकच, पण न आंबलेले म्हणून सुरक्षित मानणे चूक. बोट्युलिनमचा संशय असलेला डबा तर चाखूनही पाहू नये. आजारी पाडायला जिभेवर आलेला अंशही पुरतो.

डीप फ्रीझरमध्ये ठेवल्यावर विष नाहीसे होते का?

नाही. थंडीने वाढ थांबते, जिवाणू बहुतांशी जगतात, विष जसेच्या तसे राहते. गोठवलेले मांस ओट्यावर वितळवू नका. आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला येतो. फ्रीजच्या खालच्या फळीवर, रस गळणार नाही अशा ताटात ठेवा. हवाबंद पाकिटातला मासा असेल तर आधी पाकीट फाडा. बोट्युलिनमचे काही वाण ३ अंशांवरही वाढतात आणि त्यांना हवा नसलेली जागाच हवी असते.

बोट्युलिनमला वाढायला नेमके काय लागते?

एकाच वेळी बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात, म्हणून हा आजार विरळा. प्राणवायू नको, आम्लता कमी हवी (पीएच ४.६ च्या वर), पाणी भरपूर, मीठ-साखर कमी आणि ऊब पुरेशी. बीजाणू माती व गाळ यांत जगभर आहेत. नाव आले लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून. १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्ययात्रेत वाजवणाऱ्या वादकांनी खारवलेले मांस खाल्ले, त्या प्रकरणातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी जिवाणू वेगळा काढला.

घरी भाज्या, मांस किंवा मासे बरणीबंद करताना साधे उकळते पाणी पुरत नाही, कारण ते १०० अंशांपुढे जात नाही. बरणीबंद करण्यासाठी बनवलेल्या दाबाच्या कॅनरमध्ये सुमारे ११६ अंश मिळतात. प्रत्येक पदार्थाची व बरणीच्या मापाची वेळ वेगळी असते आणि उंचीवरच्या ठिकाणी दाब वाढवावा लागतो. स्वयंपाकाचा लहान प्रेशर कुकर त्यासाठी वापरू नये: तो झटकन तापतो आणि झटकन निवतो, त्यामुळे तपासलेल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत.

आम्लतेच्या बाबतीत टोमॅटो अगदी काठावर आहे. अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस किंवा पाव लहान चमचा सायट्रिक ॲसिड घाला. बाटलीबंदच का, तर त्याची आम्लता ठरावीक असते. ताज्या लिंबाची प्रत्येक फळागणिक बदलते.

तेलातला कच्चा लसूण हे आणखी एक बेमालूम सापळ्याचे उदाहरण. लसणावर मातीतले बीजाणू, भोवती हवा रोखणारे तेल, आम्ल नाही. असे तेल फ्रीजमध्येच ठेवा, चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा. फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटेही त्याच जातीचे. १९९४ साली टेक्सासमध्ये फॉइलसकट बाहेर पडून राहिलेल्या बटाट्यांनी तीस जण आजारी पडले. भाजून झाले की फॉइल काढा.

बाळाला मध कधीपासून द्यावा?

बारा महिने पूर्ण झाल्यावर. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले इतर जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत, तान्ह्या बाळात ते तिथेच रुजून विष तयार करतात. चाटणही नको, मध उकळून देणेही नको. आधी बद्धकोष्ठता, मग क्षीण रडणे, दूध ओढायला त्रास, मान लुळी पडणे अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठा.

मोड आलेल्या धान्यांचे काय?

मोड आणण्याची ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. २०११ साली जर्मनीत शिगा विष सोडणाऱ्या ई. कोलायची साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले आणि माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. बीजाच्या भेगेत शिरलेला जिवाणू धुऊन निघत नाही. म्हणून लहान मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मोड शिजवूनच खावेत.

या ई. कोलायचे मूळ घर गायीगुरांचे आतडे. शेण लागलेले पाणी, कच्चे दूध, पालेभाज्या आणि खिमा हे त्याचे रस्ते. शंभराहून कमी जिवाणूही पुरतात. मांसाच्या अखंड तुकड्यात ते पृष्ठभागावर असतात, खिमा करताना आत मिसळतात. म्हणून खिम्याच्या मध्यभागी ७१ अंश गाठले गेले पाहिजेत. आतला गुलाबी रंग गेला की शिजले, ही खूण भरवशाची नाही.

मासे खाल्ल्यावर लगेच तोंड लाल झाले. ही ॲलर्जी का?

असेलही, पण बांगडा किंवा ट्यूना खाल्ला असेल आणि एकाच ताटातल्या अनेकांना झाले असेल तर हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणे घडवणाऱ्या रसायनाचा, संशय घ्या. मासा उन्हात किंवा ऊबेत राहिला की जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकाचे हिस्टामिन करतात. चेहरा लाल, डोके ठणकणे, अंगावर गांधी, जिभेला मिरीसारखी झणझण, सगळे काही मिनिटांत ते तासाभरात. तळून किंवा गोठवून ते जात नाही. पकडल्या क्षणापासून बर्फ हाच उपाय.

वेळेवरून कारण ओळखता येते का?

अंदाज बांधता येतो. अर्ध्या ते सहा-आठ तासांत जोरदार उलट्या: स्टॅफिलोकोकस किंवा सेरुलाइड. सहा ते चोवीस तासांनी मुरडा व पातळ जुलाब, ताप नाही, उलटी फारशी नाही: परफ्रिंजन्स किंवा सीरियसचे जुलाबाचे रूप. तीन-चार दिवसांनी रक्ताचे जुलाब: शिगा विषाचा ई. कोलाय. साधारण १२ ते ३६ तासांनी एकाचे दोन दिसणे, पापण्या गळणे, तोंड कोरडे, बोबडी वळणे, गिळता न येणे, शुद्ध मात्र पूर्ण: बोट्युलिनम. या हिशेबामुळेच शेवटच्या जेवणाला दोष देण्याची सवय बऱ्याचदा चुकते. ई. कोलायचा गुन्हेगार चार दिवसांपूर्वीचे ताट असू शकते.

घरी काय करावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

स्टॅफिलोकोकस, सीरियस, परफ्रिंजन्स बहुधा दिवसभरात ओसरतात. तोवर जलसंजीवनी घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका, लहान मुलाला ते घातक ठरते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करा. तयार विषाने झालेल्या आजारावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही.

शौचातून रक्त येत असेल तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि मनाने घेतलेली प्रतिजैविके दोन्ही टाळा. शिगा विषाच्या आजारात त्यांनी मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो. पाच ते दहा टक्के रुग्णांत, मुख्यतः लहान मुलांत, मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार तसाही उद्भवतो. रक्त, ३९ अंशांच्या वर ताप, पाणीही न टिकणे, सहा-आठ तास लघवी न होणे, तीन दिवसांहून जास्त जुलाब, यांपैकी काहीही असले तर डॉक्टर. दृष्टी, बोलणे किंवा गिळणे बिघडले तर क्षणही न दवडता रुग्णालय: बोट्युलिनमवर प्रतिविष असते, पण ते रक्तात फिरणाऱ्या विषालाच अडवते, नसांत शिरलेल्याला नाही.

उरलेले अन्न टाकून देऊ नका. झाकण लावून, पिशवीत बंद करून, वर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये वेगळे ठेवा आणि डॉक्टरांना तसे सांगा. कोणी काय आणि किती वाजता खाल्ले, याची यादी त्याच दिवशी लिहून काढा. दोन दिवसांनी कोणालाच नीट आठवत नाही.